रस्त्यावरच्या मनोरुग्णाला लॉकअपऐवजी दवाखान्यात कसं पोहोचवायचं: गावपातळीवर नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या एखाद्या खेड्यात अनोळखी मनोरुग्ण येऊन बसला, की त्याचं पुढं काय होणार हे बहुतेक वेळा ठाण्यातल्या पहिल्या नोंदीवर ठरतं. ‘रात्रीच्या वेळी संशयितरीत्या मिळून आला’ असं लिहिलं गेलं, तर वाट लॉकअप, कोर्ट आणि जिल्हा कारागृहाकडे जाते. ‘मानसिक आजाराची लक्षणे दिसतात, स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, संरक्षणात घेतले’ असं लिहिलं गेलं, तर तोच माणूस त्याच रात्री सरकारी दवाखान्यात असतो. त्यामुळे सरपंच असो, पोलीस पाटील असो, आशाताई असो की गावातली चार धडपडी पोरं, या कामात उतरणाऱ्यानं औषधांची नावं पाठ करण्याआधी हा कागद शिकून घ्यावा.

ही माणसं बरेचदा रेल्वेनं येतात. गोंदिया, बल्लारशा, वर्धा, बडनेरा या स्टेशनांवर कुणी स्वतः उतरतं, कुणाला उतरवलं जातं, आणि मग डांबरी रस्ता धरून चालत चालत कुठल्या तरी फाट्यावरच्या बसथांब्यात येऊन थांबतं. पण प्रत्येक जण लांबचाच असतो असं नाही. शेजारच्या तालुक्यातला, औषध सुटल्यावर घरातून निघालेला माणूसही असाच दिसतो. म्हणून पहिल्याच दिवशी ‘परप्रांतीय आहे’ असा शिक्का मारू नका.

आधी जमाव पांगवा

सगळ्यात मोठा धोका त्या माणसाचा गावाला नसतो, गावाचा त्याला असतो. ‘पोरं पळवणारी टोळी’ अशी अफवा मोबाईलवर फिरत असेल, तर अनोळखी, नाव-गाव न सांगणारा माणूस पहिला मार खातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांचा जमावानं जीव घेतला. ते आजारी नव्हते, नुसते अनोळखी होते. अशी अफवा कानावर आली असेल तर आधी पोलीस पाटलांना बोलवा, ११२ ला फोन लावा, व्हिडिओ काढणाऱ्यांना बाजूला करा आणि गाडी येईपर्यंत दोन शहाणी माणसं त्याच्याजवळ बसवा.

जवळ जाताना एकानंच जावं, समोरून जावं, हात दिसतील असं जावं. दोन हात अंतरावर खाली बसा. उभं राहून बोललं की दरडावल्यासारखं वाटतं. “भाऊ, पाणी आणलं, इथं ठेवतो,” एवढंच म्हणा. मराठी कळत नाही असं वाटलं तर, “भैया, पानी रखा है.” नाव, गाव, जात, आधार कार्ड यातलं काहीही पहिल्या भेटीत विचारू नका. तो ज्यांच्याशी बोलतोय ती माणसं तुम्हाला दिसत नसली तरी ‘इथं कोणी नाही’ म्हणून वाद घालू नका, आणि ‘हो, मलाही दिसतात’ असंही म्हणू नका. त्याचं गाठोडं उघडू नका. त्यात चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्याच असतील, पण गाठोड्याला हात लावल्यावरच बहुतेक झटापटी सुरू होतात.

बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम ताटभर जेवू घालू नका. शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बिघडून ते जिवावर बेतू शकतं. वरण-भात थोडा थोडा, दर दोन-तीन तासांनी, सोबत ओआरएसचं पाणी, आणि लवकरात लवकर दवाखाना.

दोरी, साखळी, हातपाय बांधणं कटाक्षानं टाळा. साखळीनं बांधणं हे कायद्यानंच बंद केलेलं आहे, मग ती घरातली असो की एखाद्या देवस्थानातली. नाइलाजानं धरावंच लागलं तर दोघांनी दोन बाजूंनी दंड धरावेत. पालथं पाडून पाठीवर बसणं कधीही नको. त्यात श्वास कोंडून माणूस मरतो, आणि मेल्यावर त्याला फक्त ‘झटापट’ म्हणतात.

बडबडतोय म्हणजे मनोरुग्णच, असं नाही

आजाराचं निदान तुम्ही करायचं नाही. पण काही गोष्टी तुमच्याच नजरेस आधी पडतात, आणि त्या डॉक्टरांना सांगितल्या तर जीव वाचतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलत असेल तर तो आधी उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात हिवताप मेंदूपर्यंत गेला की माणूस असाच बरळतो. आशाताईकडची हिवतापाची झटपट तपासणी पट्टी अशा वेळी लगेच वापरावी. रक्तातली साखर उतरणं, डोक्याला मार लागणं, फिट येऊन गेलेली असणं, ही आणखी काही कारणं.

दारूचं जरा वेगळं आहे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात. लॉकअपमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ‘वेड लागलेला’ माणूस बरेचदा हाच असतो, आणि यात उपचाराविना मृत्यू होऊ शकतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे म्हणून ही शक्यता सोडून देऊ नका.

तापाचा अंदाज, शेवटचं कधी खाल्लं, लघवी झाली का, जखम कुठं आहे, हे चार मुद्दे कागदावर लिहून ठेवा. जखमेत अळ्या असतील तर तसंच स्पष्ट लिहा.

ठाण्यातला कागद

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचं कलम १०० नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मानसिक आजारामुळं स्वतःची काळजी घेऊ न शकणारी किंवा स्वतःला वा इतरांना धोका होईल अशी व्यक्ती हद्दीत फिरताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणेदारांचं कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे. संरक्षणात घेतल्यापासून जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. बेघर व्यक्ती असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा, हीही त्याच ठाण्याची जबाबदारी.

प्रत्यक्षात अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, अजूनही काही ठाण्यांत ‘आधी कोर्टाचा आदेश आणा’ असं सांगतात. जुन्या १९८७ च्या कायद्यात अशा माणसाला आधी मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागे, ती सवय हाडात मुरली आहे. आताच्या कायद्यात फिरताना सापडलेल्या माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं असतं. दुसरं, गाडी आणि माणूसबळ. रात्रपाळीला दोन अंमलदार असलेलं ठाणं ऐंशी किलोमीटरवर माणूस पाठवायला कां कूं करणारच. म्हणून ‘नागपूरला न्या’ अशी मागणी करू नका. कलमात ‘जवळची’ सरकारी आरोग्य संस्था आहे, म्हणजे ग्रामीण रुग्णालयही चालतं. तिसरं, भीती. आपल्या ताब्यात काही बरंवाईट झालं तर, या धास्तीनं माणसाला हद्दीबाहेर किंवा पुढच्या स्टेशनवर सोडून देण्याचे प्रकार होतात. याला उतारा एकच, तुमचा लेखी अर्ज आणि त्यावरची पोच.

अर्ज साधा असावा. असा:

*प्रति, ठाणेदार, पोलीस ठाणे …*
*विषय: मानसिक आजाराची लक्षणे असलेल्या बेघर व्यक्तीस मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार संरक्षणात घेण्याबाबत.*
*मौजा … येथील बसथांब्यावर अंदाजे चाळीस वर्षे वयाचे एक अनोळखी पुरुष दि. … पासून आढळून येत आहेत. ते सतत स्वतःशी बोलतात, दिलेले अन्न फेकून देतात, नाव-गाव सांगू शकत नाहीत. डाव्या पायाला जखम असून त्यात अळ्या आहेत. त्यांनी आजपर्यंत कोणासही इजा केलेली नाही. त्यांना संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत नजीकच्या शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे व हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद घ्यावी, ही विनंती.*

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ‘वेडसर’ असा निष्कर्ष लिहायचा नाही, डोळ्यांना दिसलेलं वागणं लिहायचं. तारीख आणि जागा हवीच, कारण २४ तास कधी सुरू झाले हे पुढं त्यावरूनच कळतं. ‘इजा केलेली नाही’ हे खरं असेल तरच लिहा, पण खरं असेल तर विसरू नका. उद्या कुणी त्याच्यावर गुन्हा लावला तर हाच कागद कोर्टात दाखवता येतो. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, सही आणि वेळेसह पोच घ्या, आणि स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक विचारून आपल्या प्रतीवर टिपून ठेवा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पाठवा. तालुका विधी सेवा समितीला एक प्रत द्या. विधी सेवेचा मोफत क्रमांक १५१०० आहे.

झटापटीबद्दल एक सूचना. अंमलदार माणसाला ओढून गाडीत घालायला गेले आणि तो चावला किंवा त्यानं नखं मारली, की सरकारी कामात अडथळ्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा गुन्हा लागू शकतो. दवाखान्यात जाणारा माणूस अशा पाच मिनिटांत आरोपी होतो. म्हणून गाडीत बसवायच्या वेळी, ज्याच्या हातून तो दोन दिवस पाणी पितोय तो तुमचा कार्यकर्ता हजर ठेवा, आणि शक्य असेल तर त्या कार्यकर्त्यालाही गाडीत सोबत बसू द्या.

दवाखान्यात

वैद्यकीय अधिकारी म्हणतील, ‘आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही.’ ग्रामीण रुग्णालयात नसतोच. पण तपासणीची व्यवस्था लावण्याची जबाबदारी कायद्यानं त्याच संस्थेच्या प्रमुख डॉक्टरांवर टाकली आहे, आणि जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. त्यांना मदत हवी असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला फोन लावून द्या. या पथकाचा नंबर आणि तालुक्याला यायचा त्यांचा वार, दोन्ही आधीच वहीत लिहून ठेवलेलं बरं. टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र समुपदेशक भेटतात, मराठीतही.

भरती करायची ठरली आणि माणूस स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर दोन तज्ज्ञ वेगवेगळे तपासतात आणि ३० दिवसांपर्यंत ‘आधारासह भरती’ होते. तिथं नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीनं निर्णयात साथ देणारा माणूस लागतो. बेघर माणसाचा नातेवाईक कुठून आणणार, म्हणून बरीच प्रकरणं इथंच अडकतात. तोडगा कायद्यातच आहे: मानसिक आजारी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता प्रतिनिधी होऊ शकतो, पुढं याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ कायमची नेमणूक करतं. बेघर आणि निराधार व्यक्तीला सरकारी संस्थेत उपचार मोफत मिळणं हा तिचा हक्क आहे. रेशनकार्ड नाही म्हणून कुणी अडवू शकत नाही.

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे विदर्भासाठीचं सरकारी मनोरुग्णालय. तिथं पाठवायचं असेल तर सोबत चार गोष्टी असू द्या: स्टेशन डायरीच्या नोंदीची प्रत, हरवलेल्या व्यक्तीच्या नोंदीची प्रत, शारीरिक तपासणी आणि दिलेल्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी, आणि चेहऱ्याचे दोन फोटो. सकाळी लवकर निघा, म्हणजे बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत पोहोचाल. जखम, ताप, फिट यांचा इलाज न करता पाठवलेला माणूस आधी शरीराच्या उपचारासाठी दुसऱ्या रुग्णालयात वळवला जातो, आणि त्या फेऱ्यांत सोबतचा अंमलदार थकून कागद तिथंच ठेवून निघून जातो.

तपासणीत भरतीची गरज नाही असं ठरलं, तरी पोलिसांनी त्याला पुन्हा फाट्यावर सोडायचं नसतं. घर असेल तर घरी, नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचं असतं. खेड्यात असा निवारा नसतो, जिल्ह्याच्या ठिकाणी नगरपालिकेचा बेघर निवारा आहे का ते आधीच पाहून ठेवा. यवतमाळचं नंददीप फाउंडेशन आणि बुलडाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळचा सेवासंकल्प प्रकल्प रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी काम करतात. राज्य पातळीवर कर्जतचं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे, ज्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. न्यायच्या आधी फोन करून जागा आहे का हे विचारा, पोलिसांचा कागद सोबत न्या. अनोळखी ‘आश्रमा’त सोडण्याआधी मात्र त्यांची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, कुणाला बांधलेलं तर नाही ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

बाई असेल तर

‘सकाळी बघू’ म्हणून रात्र जाऊ देऊ नका. महिला पोलीस मागवा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला कळवा. रस्त्यावरच्या बाईवर अत्याचार झाला असण्याची शक्यता डॉक्टरांनी मनात ठेवूनच तपासणी करावी, असं तुम्ही स्वतः सुचवा. गरोदरपणाची तपासणी औषधं सुरू करण्याआधी व्हायला हवी, कारण काही मनोविकाराची औषधं गर्भाला घातक असतात. तिला आंघोळ घालून कपडे बदलण्याची गावातल्या बायांची घाई असते, ती मायेपोटीच. पण अत्याचाराचा संशय असेल तर तपासणीआधी आंघोळ नको. काढलेले कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या. सोबत लेकरू असेल तर १०९८ वर कळवा, पण आईपासून तोडून नेण्याची घाई कुणी करत असेल तर बालकल्याण समितीपुढंच निर्णय होऊ द्या.

गुन्हा दाखल झालाच असेल तर

घरात शिरला, हॉटेलातलं खायला उचललं, एसटीवर दगड मारला, अंमलदाराला चावला: बहुतेक गुन्हे हेच. कधी फक्त रात्री फिरत होता म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ लागतं. अटक झाली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, आणि हीच तुमची दुसरी संधी. रिमांडच्या वेळी हजर राहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीतली प्रत्येक व्यक्ती त्याला पात्र आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकिलाच्या हातात तुमच्या अर्जाची पोच, दवाखान्याची चिठ्ठी आणि गावातल्या दोघांचे जबाब द्या.

नवे कार्यकर्ते, आणि कधी कधी वकीलसुद्धा, दोन गोष्टींची गल्लत करतात. एक, गुन्हा घडला त्या क्षणी आपण काय करतोय हे आजारामुळं कळत नव्हतं. हा बचाव न्याय संहितेच्या कलम २२ चा. तो खटल्यात सिद्ध करावा लागतो, सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, आणि वेळ लागतो. दुसरी, आज, कोर्टात उभा असताना, त्याला खटला कळत नाही, वकिलाला काही सांगता येत नाही. हा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणारा कायदा) च्या कलम ३६७ आणि ३६८ चा विषय, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत आधी हाच मांडायचा.

पद्धत अशी: वकील अर्ज देतो की आरोपीला बचाव करता येत नाही. मॅजिस्ट्रेट जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी करवतात, शल्यचिकित्सक त्याला सरकारी रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बचाव करता येत नाही असं ठरलं की मॅजिस्ट्रेट आरोपीला काहीही न विचारता पोलिसांचे कागद आणि वकिलाचं म्हणणं पाहतात. प्रथमदर्शनी प्रकरण नसेल तर त्याला आरोपमुक्त करतात. असेल तर उपचारापुरतं कामकाज पुढं ढकलतात. भाकरी उचलल्याच्या प्रकरणात हा टप्पा वकिलानं जोर लावून लढावा, कारण बहुतेक प्रकरणं इथंच संपण्यासारखी असतात.

यानंतर कलम ३६९. ज्याला भरतीची गरज नाही, बाह्यरुग्ण उपचार पुरतात, आणि एखादा नातेवाईक किंवा मित्र ‘मी नियमित उपचार करून घेईन आणि तो कुणाला इजा करणार नाही याची काळजी घेईन’ अशी हमी देतो, त्याला मॅजिस्ट्रेट जामिनावर सोडतात, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. इथला ‘मित्र’ म्हणजे तुम्ही. गावातला पोलीस पाटील, संस्थेचा कार्यकर्ता, निवृत्त मास्तर, कुणीही. पण हमी देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं खरी असू द्या: तो राहणार कुठं, औषध कोणत्या दवाखान्यातून कोण आणणार, आणि चुकला तर रात्री कुणाला फोन करायचा. नुसत्या कळवळ्यानं दिलेली हमी महिन्याभरात मोडते, आणि तो दुसऱ्यांदा कोर्टापुढं आला की मॅजिस्ट्रेट कुणाचंच ऐकत नाहीत. हमी जमत नसेल तर नियमित मनोविकार उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवण्याचा आदेश मागा. ते ठिकाण म्हणजे जेल नव्हे, हे अर्जात स्वच्छ लिहा.

गुन्हा जामीनपात्र आहे आणि जामीनदार नाही, तर आठवड्याभरात जामीन देऊ न शकणारा निर्धन मानला जातो आणि वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सुटू शकतो. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि माणूस दोन-तीन महिने आतच राहतो.

दोषी ठरलाच, तर गुन्हेगार परिविक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८ आठवा. कलम ३ खाली समज देऊन आणि कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर कोर्ट सोडू शकतं. बेघराच्या बाबतीत ‘याचा कायमचा पत्ता नाही’ असा आक्षेप येतो. कलमात मात्र आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा पत्ता चालतो. संस्थेचा पत्ता आणि परिविक्षा अधिकाऱ्यांचा अनुकूल अहवाल असेल तर हे जमतं. नव्या न्याय संहितेत छोट्या गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आली आहे, पहिल्यांदाच केलेली आणि माल परत दिलेली ५००० रुपयांखालची चोरी त्यात बसते. ऐकायला चांगली वाटते, पण माणूस भ्रमात असताना ती मागू नका. त्याला झाडू मारायला सांगितलेलं कळणार नाही आणि आदेश मोडल्याचा ठपका बसेल. दोन-तीन महिन्यांच्या उपचारानंतर मागितली तर पार पडू शकते.

भिक्षा मागताना पकडलेल्यांसाठी १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथल्यापुरत्या यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, आपल्याकडे तसं झालेलं नाही. आजारी माणूस या वाटेनं जाताना दिसला तर लगेच कलम १०० चा अर्ज द्या.

आधीच जेलमध्ये असलेल्याचं काय? कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तीन महिन्यांनी कैद्यांच्या मानसिक आजाराबद्दल पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा असतो. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहाला भेट देतात, त्यांना नाव द्या. नाव नसेल तर ‘अनोळखी’ म्हणून दाखल झाल्याची तारीख आणि गुन्हा क्रमांक द्या. आसाममध्ये मचांग लालुंग हा माणूस १९५१ मध्ये पकडला गेला आणि २००५ मध्ये सुटला. त्याचा खटला कधी चाललाच नाही. कागदावर कुणी विचारणा केली नाही की असं होतं.

घर शोधणं

औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत माणूस तुकड्या तुकड्यानं बोलायला लागतो. थेट पत्ता विचारला तर गप्प बसतो. बाजार कोणत्या गावी भरतो, नदी कोणती, शेतात काय पिकतं, शाळेच्या बाजूला काय आहे, मामाचं गाव कोणतं, असं विचारा. हातावरचं गोंदण नीट वाचा, त्यावर नाव असू शकतं, नवऱ्याचं किंवा देवाचं. भाषा ओळखू येत नसेल तर त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून त्या भागातल्या वीटभट्टीवरच्या किंवा बांधकामावरच्या मजुराला ऐकवा. जिल्ह्याचं नाव मिळालं की तिथल्या ठाण्याला पोलिसांमार्फतच कळवा. फोटो सोशल मीडियावर टाकू नका, विशेषतः बाईचा. आधार नोंदणी करून पाहावी. ‘आधीच नोंद आहे’ म्हणून अर्ज फेटाळला गेला, तर घर सापडण्याची मोठी आशा आहे. नागपूरच्या मानकापूर आधार सेवा केंद्रातून या वाटेनं हरवलेल्यांची घरं सापडली आहेत.

पोहोचवायच्या आधी घरच्यांशी व्हिडिओवर बोलून घ्या. त्यांच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं. काही ठिकाणी सातबाऱ्यावरून नाव कधीच काढलेलं असतं, काही ठिकाणी नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं असतं. अशा घरी जबरदस्तीनं सोडलेला माणूस पुन्हा स्टेशनवर दिसतो. माहेर, भाऊ, मोठी झालेली लेक, हे पर्याय विचारा. कुणीच नको म्हणालं तरी घर नाही एवढ्या कारणावरून त्याला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, समाजात राहण्याचा त्याचा हक्क कायद्यानं मान्य केला आहे.

निघताना निदान महिन्याभराची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत, आणि त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव हवं. घरच्यांना मान आखडणं, जीभ जड होणं, हात थरथरणं हे दुष्परिणाम आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ‘औषधानं आणखी बिघडला’ म्हणून गोळ्या बंद होतात. काही औषधांनी घाम कमी येतो, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात अशा माणसाला दुपारी शेतात पाठवू नये. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असेल तर पाण्याची हयगय नको, जुलाब-उलटी झाली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. गोळ्या चुकवणाऱ्याला दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सोपं पडतं का, हे डॉक्टरांना विचारावं. इंजेक्शनची पुढची तारीख घरच्यांच्या कॅलेंडरवर आणि तिथल्या आशाताईच्या वहीत, दोन्हीकडे लिहून या. तारीख उलटली की आशाताईनं त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा, एवढं तिच्याशी ठरवूनच परतीची गाडी पकडा.